प्रभागाची रेष कुठून जाते आणि त्यानं आपल्या मताचं वजन कसं बदलतं

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी शेवटी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला, पुणे महापालिकेची प्रारूप प्रभाग रचना, म्हणजे निवडणुकीसाठी शहराचे भाग पाडणारा कच्चा आराखडा. लाल रेषांचा, झूम केलं की अक्षरं फुटणारा. त्याखाली लगेच "आपण कुठल्या प्रभागात?", "नाल्याच्या अलीकडे का पलीकडे?" असे चारपाच मेसेज आले आणि तासाभरात तो नकाशा गणपतीच्या वर्गणीच्या मेसेजांखाली गेला पण. मी मात्र तो डाउनलोड करून ठेवला, कारण आमचा भाग म्हणजे पालिकेत नंतर घेतलेलं गाव. ३० जून २०२१ ला २३ गावं एकदम पुणे महापालिकेत आली, मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे साडेचार वर्षं आम्ही शहराचे नागरिक होतो, मिळकतकराची बिलं येत होती, पण ज्याच्या दारात जाऊन "पाणी कधी येणार" असं विचारावं असा आम्ही निवडून दिलेला एकही माणूस पालिकेत नव्हता.

त्यामुळं ही प्रभाग रचना नक्की काय भानगड आहे हे मी नीट बसून समजून घेतलं, आणि जे समजलं ते इथं साध्या भाषेत लिहितेय. किचकट वाटतं खरं, पण चौथीपाचवीचं गणित आलं की पुरतं.

सुरुवात नगरसेवकांच्या संख्येपासून करू. शहरात किती नगरसेवक असायचे हे कुणाच्या मनावर नसतं, ते लोकसंख्येवरून कायद्यानं ठरतं. मुंबई सोडून बाकी महापालिकांना जो १९४९ चा कायदा लागू आहे त्यात टप्पे दिलेत. लोकसंख्या ३ ते ६ लाख असेल तर किमान ६५ नगरसेवक आणि ३ लाखांच्या वर दर १५ हजारांमागे एक वाढवायचा, १२ ते २४ लाख असेल तर ११५ आणि पुढं दर ४० हजारांमागे एक, आणि ३० लाखांच्या वर गेलं की १६१ आणि पुढच्या दर एक लाखामागे फक्त एक. म्हणून ५ लाख ४९ हजारांच्या कोल्हापूरला ८१ नगरसेवक, १४ लाख ८६ हजारांच्या नाशिकला १२२ आणि ३४ लाख ८१ हजारांच्या पुण्याला १६५. आता भागाकार करून बघा. कोल्हापुरात एका नगरसेवकामागे साधारण ६ हजार ८०० माणसं, नाशकात १२ हजारांच्या वर, पुण्यात २१ हजार. मुंबईचा कायदा वेगळा, तिथं २२७ नगरसेवक, म्हणजे एकामागे जवळजवळ ५५ हजार. माझी नणंद कोल्हापूरला असते, तिचा नगरसेवक तिला नावानं ओळखतो याचं मला नेहमी कौतुक वाटायचं, पण त्यात त्याच्या स्वभावाचा भाग थोडा आणि या भागाकाराचा जास्त आहे.

शहराशहरांतला हा फरक कायद्यातला आहे, तो प्रभाग रचनेनं मिटत नाही. प्रभाग रचनेचं काम एकाच शहराच्या आत. शहराची लोकसंख्या भागिले नगरसेवक, ही आली सरासरी, आणि प्रत्येक भागाच्या वाट्याला या सरासरीच्या जवळपास माणसं आली पाहिजेत, म्हणजे कुणाचं मत जड आणि कुणाचं हलकं असं होणार नाही. अगदी तंतोतंत जुळवणं शक्य नसतं म्हणून १० टक्के वर किंवा १० टक्के खाली चालतं. पुण्यात एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, अशा प्रभागाची सरासरी निघाली साधारण ८४ हजार ४००, म्हणजे प्रभाग ७६ हजारांचा पण चालतो आणि ९२ हजार ८०० चा पण. ऐकायला १० टक्के किरकोळ वाटतात, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या प्रभागात १६-१७ हजार माणसांचा फरक नियमात बसून पडू शकतो हे लक्षात घ्या.

मत जड-हलकं होणं म्हणजे काय हे मला खरं कळलं ते मुंबईच्या आकड्यांवरून. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, ३३ लाख ३८ हजारांचा होता. २०११ ला तो ३० लाख ८५ हजारांवर आला. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून लोक बोरिवली, दहिसर, मुलुंडला गेले, कुणी त्याच्याही पुढं डोंबिवली-विरारला. हे सगळं आपल्या नात्यागोत्यात घडलेलं आहे, ज्यांच्या मावशीचं बिऱ्हाड परळहून हललं नाही असं घर शोधावं लागेल. उपनगर जिल्हा मात्र त्याच दहा वर्षांत ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेला. शहराकडं तेव्हा ६३ वॉर्ड होते आणि दोन्ही उपनगरं मिळून १६४. जुन्याच रेषा ठेवल्या असत्या तर शहरात ४९ हजार माणसांमागे एक नगरसेवक आणि उपनगरात ५७ हजार माणसांमागे एक. म्हणजे गिरगावात राहिलेल्या भावाचं मत दहिसरला गेलेल्या भावापेक्षा जड, आणि तेही दोघं एकाच पालिकेला टॅक्स भरत असताना. म्हणून २०१७ च्या निवडणुकीआधी वॉर्ड नव्यानं पाडले तेव्हा शहराचे ७ वॉर्ड कमी झाले, पश्चिम उपनगरात ५ वाढले आणि पूर्व उपनगरात २. एकूण २२७ च राहिले, फक्त माणसं जिकडं गेली तिकडं जागा गेल्या. ज्यांचे वॉर्ड गेले त्यांना वाईट वाटलं असणार, पण न्याय याला म्हणतात, आणि प्रभाग रचना मुळात यासाठीच असते.

आता दुसरी गोष्ट, जी आकड्यात दिसत नाही आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. माणसं सारखी वाटली तरी रेष कशी मारली यावरून निकाल बदलतो. एक कागद घ्या आणि त्यावर फुलीगोळ्यासारखे नऊ चौकोन काढा, तीन ओळी आणि तीन उभे पट्टे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक वस्ती, प्रत्येकीत हजार माणसं. डावीकडचा पहिला उभा पट्टा म्हणजे नाल्याकाठच्या तीन वस्त्या, जिथं दर पावसाळ्यात घरात पाणी शिरतं. आता याचे तीन वॉर्ड पाडायचेत, प्रत्येकी तीन हजारांचे. उभ्या रेषा मारल्या तर नाल्याकाठच्या तिन्ही वस्त्या एका वॉर्डात येतात, त्यांचा एक नगरसेवक निवडून जातो आणि तो सभागृहात नाल्याच्या भिंतीचं बोलतो कारण त्याला निवडून देणारे सगळे तिथलेच. आडव्या रेषा मारल्या तर प्रत्येक वॉर्डात एक वस्ती नाल्याची आणि दोन वरच्या. तिन्ही वॉर्डांत नाल्याची माणसं तीनात एक, आणि त्यांच्यासाठी भांडणारा एकही नगरसेवक येईल याची खात्री नाही. लोकसंख्या दोन्ही वेळी बरोबर तीन-तीन हजार, नियम दोन्ही वेळी पाळला, एकही माणूस हलला नाही आणि तरी तीन हजार लोकांचा आवाज एका नकाशात आहे आणि दुसऱ्यात गेला.

याला वस्ती फोडणं म्हणतात. याच्या उलटाही प्रकार असतो, एकाच विचाराचे, एकाच समाजाचे जास्तीत जास्त लोक एका प्रभागात कोंबायचे म्हणजे ते तिथं प्रचंड मतांनी जिंकतात पण आजूबाजूच्या दोन प्रभागांत त्यांचा काहीच जोर राहत नाही. फोडणं आणि कोंबणं, जगभर हेच दोन डाव आहेत, नकाशे बदलतात इतकंच.

हे होऊ नये म्हणून आपल्याकडे नियम आहेत आणि ते कागदावर वाईट नाहीत. प्रभाग पाडायला सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची, मग ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडं असं नागमोडी सरकत दक्षिणेला शेवट करायचा, नंबरही त्याच क्रमानं द्यायचे. हे कशासाठी, तर आवडीचा एक भाग आधी कापून घेऊन उरलेलं कसंतरी जोडायचं असं करता येऊ नये. प्रभाग सलग हवा. नदी, नाला, डोंगर, मोठा रस्ता, रेल्वेलाइन, उड्डाणपूल अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून हद्द न्यायची. एखादी इमारत किंवा चाळ अर्धी इकडं अर्धी तिकडं करायची नाही. अनुसूचित जाती आणि जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडायच्या नाहीत. आणि हे सगळं करायचं ते प्रगणक गट न तोडता.

प्रगणक गट हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. जनगणनेच्या वेळी एका कर्मचाऱ्याला मोजायला दिलेला जो लहानसा भाग असतो, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा, सहासातशे माणसांचा, तो प्रगणक गट. प्रभाग म्हणजे अशा शेकडो विटा एकावर एक रचून बांधलेली भिंत. वीट फोडायची नाही, कुठली वीट कुठल्या भिंतीत लावायची एवढंच ठरवायचं.

नाल्याच्या नियमाबद्दल मात्र माझं मन खात राहतं. मोठी नदी हद्द म्हणून ठीक आहे, पलीकडच्यांचं आणि आपलं रोजचं जाणं-येणं तसंही कमी. पण ओढा? पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी दोन्ही काठांच्या घरांत शिरलं, भिंती दोन्हीकडच्या पडल्या. अशा ओढ्याचे दोन्ही काठ म्हणजे खरं तर एकच वस्ती, दुखणं एक, मागणी एक. पण नियमाप्रमाणं ओढा म्हणजे नैसर्गिक हद्द, तो दिसला की रेष मारायला सोपा. मग एका काठाचे नगरसेवक वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, आणि ओढ्यातला गाळ कुणी काढायचा यावर दोघंही एकमेकांकडं बघणार. रेष ओढ्याच्या मधून न नेता वरच्या रस्त्यावरून नेली तर हे टळतं, आणि मोठा रस्ताही नियमात बसतोच की. नियम वाईट नाही, पण नकाशा करणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात तिथं जाऊन उभं राहायला हवं.

आता सगळ्यात मोठी अडचण. हे सगळं गणित आजच्या लोकसंख्येवर होत नाही, २०११ च्या होतं. राज्यघटनेतच लोकसंख्येची व्याख्या दिलीय, जिचे आकडे प्रसिद्ध झालेत अशी शेवटची जनगणना. २०२१ ची झालीच नाही म्हणून २०२५ च्या प्रभाग रचनेला आकडे २०११ चे. चौदा वर्षांत शहराच्या कडेच्या गावांचं काय झालंय ते वाघोली, धायरी, नऱ्हे, आंबेगाव या भागात एकदा संध्याकाळी सातला गाडी घालून बघा म्हणजे कळेल. आमच्या समोर २२ मजली टॉवर आहे, २०११ ला तिथं ज्वारी होती. प्रभाग रचनेच्या हिशोबात त्या टॉवरची लोकसंख्या शून्य धरलीय, आणि पेठेतल्या ज्या वाड्यातली दोनतीन बिऱ्हाडं मधल्या काळात बाहेर पडली ती मात्र कागदावर अजून तिथंच राहतात. मतदार यादी आजची असते, त्यामुळं टॉवरमधले लोक मत देतात, पण त्यांच्या मताला पेठेतल्या मताएवढं वजन येत नाही. दोन प्रभाग लोकसंख्येच्या रकान्यात अगदी जुळे भाऊ दिसतात आणि मतदारांच्या रकान्यात एक दुसऱ्यापेक्षा बराच जाडजूड निघतो. यात कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, घटनेत जे लिहिलंय तेच अधिकाऱ्यांना करावं लागतं, पण सोसावं लागतं ते कडेच्या लोकांना.

इंग्लंडमध्ये या कामासाठी एक स्वतंत्र आयोग आहे, तो वॉर्ड पाडताना आजचे मतदार तर बघतोच पण पुढच्या पाच वर्षांत कुठं किती घरं होणार आहेत याचा अंदाज पण धरतो. आणि एखाद्या ठिकाणी ३० टक्क्यांपेक्षा जास्त वॉर्ड सरासरीपासून १० टक्क्यांच्या बाहेर गेले, किंवा एखादाच वॉर्ड ३० टक्क्यांहून जास्त बाहेर गेला, तर त्या ठिकाणची रचना पुन्हा तपासायला घेतात. आपल्याकडे पालिकाच बांधकाम परवानगी देते, कुठं किती फ्लॅट उठणार आहेत हे तिच्याच फायलीत असतं, पण प्रभाग रचनेत त्या फायलीला जागा नाही.

मग येतो चार जणांच्या प्रभागाचा विषय. मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक हे कायम आहे. बाकी महापालिकांत मात्र २००२ ला तीन जणांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चारचा, मग आधी एकाचा असा कायदा आणि पुन्हा तीनाचा असं ठरलं, पुण्यात तीनच्या हिशोबानं ५८ प्रभागांची रचना झाली पण, आणि शेवटी जानेवारीत मत दिलं ते परत चारच्या पद्धतीनं. पुण्यात ४० प्रभाग चार जणांचे आणि आंबेगाव-कात्रजकडचा एक पाच जणांचा. कोल्हापूरला २०१५ ला ८१ वेगवेगळे वॉर्ड होते, आता तिथं २० प्रभाग झाले. जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला आकडा बदलतो आणि आकडा बदलला की सगळ्या रेषा नव्यानं माराव्या लागतात. यात माझ्यासारख्या मतदाराचं नुकसान असं की पाच वर्षांपूर्वी ज्याला निवडून दिलं त्याच्या कामाचा हिशोब मतपेटीत करायची वेळ येते तेव्हा तो प्रभागच राहिलेला नसतो. अर्धा इकडं गेलेला, अर्धा तिकडं, नगरसेवक तिसरीकडं उभा.

चारच्या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात आणि प्रत्येकानं चार मतं द्यायची, दर जागेला एक. चारही झाल्याशिवाय, म्हणजे नको असेल तिथं 'नोटा'चं, यांपैकी कुणीही नाही असं, बटण दाबल्याशिवाय, मशिनवरचं मतदान पूर्ण होत नाही. आमच्या शेजारच्या आजी पहिलं बटण दाबून निघाल्या होत्या, केंद्रावरच्या बाईंनी त्यांना थांबवून "आजी, अजून तीन राहिलीत" असं सांगितलं. चारच्या पद्धतीच्या बाजूनं बोलायचं तर, मोठ्या प्रभागात आरक्षण नीट बसवता येतं, एकाच प्रभागात महिला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती, सर्वसाधारण अशा वेगवेगळ्या जागा राहतात, आणि निम्म्या जागा महिलांना आहेत त्या सगळ्या शहरात सारख्या पसरतात. पुण्यात १६५ पैकी ८३ महिलांच्या, २२ अनुसूचित जातीच्या, २ अनुसूचित जमातीच्या आणि ४४ नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या, म्हणजे इतर मागासवर्गाच्या. हे चांगलंच आहे. पण ८०-९० हजार लोकांपर्यंत पोचायचं तर पैसा लागतो, माणसं लागतात, पक्षाचं पॅनेल लागतं. गल्लीत वीस वर्षं काम केलेला अपक्ष माणूस किंवा बाई सहासात हजारांच्या वॉर्डात दारोदार फिरून निवडून येऊ शकते, नव्वद हजारांत ते फार अवघड. आणि नंतर ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा हा प्रश्न सगळ्यांनाच माहितीय.

आरक्षित जागेचंही असंच. अनुसूचित जातीच्या जागा कुठं ठेवायच्या हे चिठ्ठी टाकून ठरत नाही, ज्या प्रभागात त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण जास्त तिथून उतरत्या क्रमानं जागा देत जातात, आणि त्यातल्या महिलांच्या कुठल्या हे सोडतीनं. म्हणून रेष कुठून गेली यावर आरक्षण सुद्धा हलतं. वस्ती फुटली तर प्रमाण कमी होतं आणि तो प्रभाग यादीत खाली घसरतो. आणि जागा मिळाली तरी त्या एका जागेला मत देणार पूर्ण प्रभागातले सगळे मतदार, त्यामुळं त्या जागेवर कोण येणार हे वस्तीतले लोक ठरवतील का बाहेरचे, हा प्रश्न प्रभाग मोठा झाला की आणखी मोठा होतो. जितका प्रभाग लहान तितका वस्तीचा शब्द वजनदार, असं मला वाटतं आणि म्हणून मी एका वॉर्डाला एकच नगरसेवक या मताची आहे.

हे सगळं ठरवतं कोण? पालिकेचे आयुक्त प्रारूप तयार करून घेतात, ते नगरविकास विभागाकडं जातं, तिथून राज्य निवडणूक आयोगाकडं, मग प्रसिद्ध होतं, हरकती येतात, सुनावणी होते आणि आयोगाच्या मान्यतेनं अंतिम होतं. मार्च २०२२ पर्यंत ही रचना करण्याचे अधिकार निवडणूक आयोगाकडं होते, त्या महिन्यात विधिमंडळानं कायदा बदलून ते सरकारकडं घेतले. तेव्हा एक सरकार होतं, नंतर दुसरं आलं, पण अधिकार कुणी परत दिले नाहीत. ज्यांना निवडणूक लढवायचीय त्यांच्याच हाताखालच्या खात्यातून नकाशा जावा हे मला पटत नाही, मग तो कितीही प्रामाणिकपणे केलेला असो. खेळाडूनं मैदान आखू नये.

आणि राज्यघटनेच्या २४३-झेडजी कलमाप्रमाणं प्रभाग रचनेच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, त्यामुळं अंतिम रचना प्रसिद्ध झाल्यावर ती बदलून घेणं फार फार अवघड. म्हणजे सामान्य माणसाच्या हातात खरी एकच खिडकी, हरकतीची. प्रारूप आल्यापासूनचे ते जेमतेम दोन आठवडे. पुण्यात यावेळी पाच हजारांवर हरकती आल्या.

मी पण एक दिली होती, म्हणून काय शिकले ते सांगते. पहिला मसुदा मी लिहिला त्यात "आमच्या भागावर अन्याय झालेला आहे, तरी फेरविचार व्हावा" असं होतं. निवृत्त तलाठी असलेले आमच्या बिल्डिंगमधले एक काका म्हणाले, ताई, यावर कुणी काही करू शकत नाही, अन्याय म्हणजे किती आणि कुठं ते आकड्यात लिहा. मग आम्ही क्षेत्रीय कार्यालयात जाऊन भिंतीवर लावलेला मोठा नकाशा बघितला, त्यात प्रगणक गटांचे नंबर असतात, बारीक अक्षरात. सोबत प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, व्याप्ती आणि चारी दिशांच्या हद्दींचं वर्णन असतं, "पुढे नाल्याने दक्षिणेस रस्त्यास मिळेपर्यंत" अशा भाषेत. ते वर्णन वाचत आम्ही दोघं खरोखर त्या रस्त्यानं चालत गेलो. तेव्हा दिसलं की आमच्या मागची एक वस्ती, जिची शाळा, दवाखाना, रेशन दुकान सगळं आमच्या बाजूला आहे, ती पलीकडच्या प्रभागात गेलीय आणि मध्ये ओलांडायला एक अरुंद साकव फक्त.

मग हरकत अशी लिहिली. हे तीन प्रगणक गट, त्यांचे नंबर हे, तिन्हींची मिळून लोकसंख्या एकोणीसशेच्या आसपास. ते या प्रभागातून काढून त्या प्रभागात घेतले तर पहिल्याची लोकसंख्या इतकी होते, दुसऱ्याची इतकी, दोन्ही १० टक्क्यांच्या आतच राहतात. हद्द सध्याच्या नाल्याऐवजी अमुक रस्त्यानं जाईल. कुठला नियम, तर दळणवळण आणि सलगता. एक पान, सोबत हातानं काढलेला नकाशा. काकांचं म्हणणं होतं की समोरच्या अधिकाऱ्याला नुसतं हो म्हणायचं काम उरलं पाहिजे. सुनावणीत आमच्या वाट्याला दोन मिनिटं आली, पण दोन मिनिटांत सांगता येईल एवढंच आमच्याकडं होतं. पूर्ण मान्य झाली नाही, तीनातला एक गट इकडं आला. त्या एका गटातली माणसं जानेवारीत आमच्याच शाळेत मतदानाला आली होती, साकव न ओलांडता, आणि मला फार बरं वाटलं.

अजून एक टप्पा असतो जो लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रभाग ठरले की विधानसभेची मतदार यादी, यावेळी १ जुलै २०२५ ची, तोडून प्रभागात वाटतात. नकाशावर तुम्ही एका प्रभागात आणि यादीत नाव शेजारच्या प्रभागात असं होतं, कधी सबंध बिल्डिंगचं होतं. त्याची हरकत वेगळी, मुदत वेगळी. नकाशा बरोबर आला म्हणून हुश्श करून बसलेल्यांचं इथं नुकसान होतं. प्रारूप यादी आली की स्वतःचं नाव शोधा आणि त्याच पानावर खालीवर शेजाऱ्यांची नावं आहेत का तेही बघा, सगळे एकत्र दिसले तर बहुतेक ठीक आहे, अनोळखी पत्ते दिसले तर गडबड.

पुढची प्रभाग रचना व्हायला वेळ आहे, पण तिच्या विटा आत्ताच पाडल्या जाणार आहेत. जनगणनेचं घरयादीचं काम २०२६ चं आणि माणसं मोजायचं काम फेब्रुवारी २०२७ चं, १ मार्च २०२७ ही तारीख धरून. नवे प्रगणक गट त्यातून होणार, आणि ते आकडे प्रसिद्ध झाले की पुढच्या निवडणुकीला तेच लागणार. आमच्याकडं भाड्यानं राहणारी बरीच मुलं-माणसं "आमचं सगळं गावाला आहे" म्हणतात आणि मोजणीच्या वेळी दार उघडत नाहीत किंवा गावाकडं नाव सांगून मोकळे होतात. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजतात, मूळ गाव कुठलं याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि मतदार यादीशीही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलंय, वॉचमनच्या खोलीतल्या दोन कुटुंबांना आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जाऊन पण सांगणार आहे. समोरच्या टॉवरमध्ये ८८ फ्लॅट आहेत. त्यांच्या सेक्रेटरींशी बोलणं झालंय, मोजायला येणाऱ्या बाईंना किंवा सरांना लिफ्टजवळ टेबल-खुर्ची टाकून देऊ आणि मजल्यामजल्यावर सोबत एक माणूस देऊ म्हणालेत.